स्ट्रेचरवर निजायचं कोणी

आरोंदा,
एप्रिल, मंगळवार

ती. सुभद्राआत्येस,

अनुजाचा दोन्ही पायांना हात लावून नमस्कार (डाव्या पायाला हळू).

आधी समोरच्याची तब्येत विचारायची आणि मग स्वतःचं सांगायचं, हा पत्राचा नियम तूच मला ओटीवर बसवून शिकवलास. आज तो मोडते, कारण तुला सगळ्यात आधी हे कळायला हवं की मी जिवंत आहे. चांगली धडधाकट आहे. उजव्या कोपराला थोडं खरचटलंय, पण तेही मेल्यामुळे नाही, उठून बसल्यामुळे. तुझा विश्वास बसावा म्हणून पत्र टाइप न करता हाताने लिहिते आहे. माझा 'क्ष' बघ. तू आमटीचा डाव उगारून सुधारायचा प्रयत्न केलास तरी तो अजून तसाच पाठीत वाकलेला येतो. एवढा वाईट 'क्ष' माझ्या नावावर दुसरं कोणी काढू शकणार नाही.

आता तुझी तब्येत. डाव्या पायाची सूज उतरली का? कमरेला शेक घेतेस का, की गरम पाण्याची पिशवी अजून दही विरजायच्या पातेल्याखाली असते? वॉकरच्या पायांची रबरी बुचं बदलून घेतलीस का? (झिजली की ओल्या लादीवर सरकतात. मी मागच्या खेपेला नवी आणून दिली होती, ती फडताळात काजूच्या डब्यामागे आहेत.) तुझ्या लेकाचं, ओंकारदादाचं जहाज आता कुठल्या बंदराला लागलंय? हे सगळं मी फोनवरच विचारणार होते, पण तू फोन उचलत नाहीस. विमलाकाकी म्हणाली, "रागावली आसा गो. तुझा नाव दिसला की फोन उपडो करून ठेवता." म्हणून पत्र. पत्राला उत्तर न देणं म्हणजे वाढलेल्या पानावरून उठून जाणं, असं तूच म्हणायचीस, तेव्हा आता तुझी सुटका नाही.

आणखी एक. तो विषय मी या पत्रात काढणार नाही. गेल्या वर्षी वादळाचा इशारा आला, सगळी वाडी शाळेत हलली, तू घर सोडायला नकार दिलास, तुला एकटं टाकवेना म्हणून शेजारची विमलाकाकी मुलांबाळांसकट मागे राहिली, मी पुण्याहून फोनवर ओरडले आणि तू म्हणालीस, "चार माणसांनी उचलून न्हेवक मी काय मेलंय?" त्या विषयावर पुन्हा बोलायचं नाही असं आपलं ठरलंय. वादळ वळून गेलं, विषय मिटला. मी शब्दाला पक्की आहे. फक्त इथे जे घडलं ते सांगताना तो विषय कडेकडेने दिसेल. तेव्हा तू तिकडे बघू नकोस.

माझं काम नक्की काय, हे आपल्या घरात कोणालाच नीट सांगता येत नाही, याचा मला राग नाही (मलाही कधी कधी येत नाही). मागे ते कुडाळचे लोक बघायला आले होते. मुलाच्या आईने आमच्या आईला विचारलं, "वादळ इला की ह्या चेडू काय करता?" आई थोडा वेळ विचार करून म्हणाली, "लिवता." ते लोक पोहे खाऊन गेले ते गेलेच. पण आई चुकीचं बोलली नव्हती. वादळात, पुरात, दरड कोसळली की सगळ्यात शेवटी घरात कोण उरतं, आणि का उरतं, हे मी शोधते आणि लिहिते. आमच्या भाषेत त्यांना असुरक्षित घटक म्हणतात. म्हणजे म्हातारी, आजारी, अंथरुणाला खिळलेली माणसं, पोटुशा बायका, ज्यांना दिसत नाही, ज्यांना ऐकू येत नाही. (हा शब्द मी तुझ्यासमोर एकदाच वापरला होता. तू म्हणालीस, "घटक तुझी आवस." तेव्हापासून निबंधातसुद्धा लिहिताना माझा हात अडखळतो.) कॉलेजातली माझी नोकरी अजून पक्की नाही. आमच्या विभागप्रमुख शर्मिलामॅडम म्हणाल्या की आरोंद्याचा अभ्यास नीट झाला तर पुढचं बघू. 'बघू' म्हणताना त्या चष्मा काढतात, आणि त्या चष्मा काढतात तेव्हा मला झोप येत नाही.

तर अभ्यास असा, की खाडीकाठच्या एका वाडीत वादळाची तालीम घ्यायची. भोंगा वाजला की लोकांनी घरं सोडून टेकाडावरच्या शाळेत जायचं, आणि ज्यांना चालता येत नाही त्यांना स्ट्रेचरवरून न्यायचं. त्याआधी आमच्या नीतिसमितीची परवानगी लागते. समितीने विचारलं होतं, या प्रयोगामुळे सहभागी लोकांना काही मानसिक त्रास होण्याची शक्यता आहे का? मी रात्रभर विचार करून 'नाही' लिहिलं. आत्ये, तो 'नाही' मला आता म्हातारपणापर्यंत पुरणार आहे.

पहिली अडचण ही आली की स्ट्रेचरवर निजायला कोणीच तयार होईना. इथे शेवंतीआजी म्हणून आहेत, रस्त्याला लागूनच घर, पाय गेलेत, दिवसभर घरापुढच्या लोट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला हाक मारतात. खरं तर तालीम त्यांच्यासाठीच. मी त्यांना स्ट्रेचर दाखवलं, पट्टे दाखवले, किती वजन पेलतं तेही सांगितलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बाय, चौघांच्या खांद्यार मी निजतलंय ती एकदाच. तेची तालीम कित्याक?" मग एका तरुण मुलाला विचारलं, तर त्याची आई माझ्या अंगावर आली. लग्न ठरलेल्या मुलीला तर विचारायचीही सोय नव्हती. गावातली आशा सेविका किशोरी, मोठी धीराची बाई, सापाला हाताने धरते; तीसुद्धा म्हणाली, "मॅडम, मी भोंगो वाजवतंय, माइकवर बोलतंय, सांगशात ता करतंय. निजाक सांगा नको." आता ही गोष्ट मला आधी सुचायला हवी होती. चौघांनी उचललेला, आडवा, बांधलेला माणूस आपल्याकडे एकाच कामाला निघतो. मी या विषयावर एवढं वाचलंय, इतक्या परिषदांना जाऊन चहा प्यायलेय, पण हे मला कुठेही भेटलं नाही. (खरं म्हणजे भेटलं होतं. गेल्या वर्षी, फोनवर, एका वाक्यात. पण तो विषय काढायचा नाही.)

शेवटी मीच निजले. दुसऱ्याला जे सांगतेस ते आधी आपण करून बघ, हेही तुझंच. उचलायला चौघेजण मात्र आनंदाने पुढे आले, आणि त्यांचा म्होरक्या होता बाळा. बाळा म्हणजे भला माणूस, रुंद खांद्याचा, अबोल. वाडीत कोणी गेलं की पहिलं बोलावणं त्याला असतं. बांबू बांधण्यापासून सगळं तोच बघतो, आणि उरलेले तिघे नेहमी त्याच्याच जोडीला असतात. हे मला किशोरीने नंतर सांगितलं. आधी सांगितलं असतं तरी मला वाटतं मी एवढंच म्हटलं असतं, की वा, अनुभवी माणसं मिळाली.

भोंगा वाजला. चौघांनी मला उचललं, आणि उचलल्याबरोबर सवयीने खांद्यावर घेतलं (स्ट्रेचर हातात धरायचं असतं, मी चित्र काढून दाखवलं होतं). पावलं आपोआप एका लयीत पडायला लागली. शाळेची वाट देवळापाशी डावीकडे वळते. आम्ही वळलो नाही. बाळाच्या पायांना चौघांनी जायची वाट एकच ठाऊक, खाडीकडे उतरणारी. मी वरून म्हणाले, बाळा, शाळा तिकडे. कोणी ऐकलं नाही. जरा मोठ्याने म्हणाले. तरी नाही. किशोरीचा माइक चालू होता हे खरं, पण तेवढंच कारण नव्हतं. वरचा माणूस बोलतो, ही गोष्टच त्या चौघांच्या अनुभवात बसत नव्हती.

आणि आत्ये, एप्रिलचं ऊन थेट तोंडावर, म्हणून मी डोळे मिटले. ते डोळे मिटणं मला नडलं. नंतर कळलं, की नाक्यावरच्या दुकानदाराने शटर अर्धं खाली ओढलं. एक रिक्षावाला रिक्षा बाजूला घेऊन उतरला आणि हात जोडून उभा राहिला. मागे माणसं जमायला लागली, ती का येताहेत हे त्यांनाही माहीत नव्हतं, पुढचे चाललेत म्हणून मागचे. मुंबईहून निवृत्त होऊन आलेले दाजी म्हणून एक वयस्कर गृहस्थ आहेत. ते दुपारच्या झोपेतून उठून आले आणि त्यांनी विचारलं, "कोण गेला रे?" कोणीतरी म्हणालं, "ती वादळाची बाय." दाजींनी टोपी काढली असावी, कारण थोडा वेळ ते गप्प होते. मग म्हणाले, "अरेरे. काल आमच्याकडे चाय घेवन गेला. बरा चेडू होता." आणि चार पावलांनी म्हणाले, "बोलायचा मातर खूप." आपल्यामागे लोक काय बोलतात ते ऐकायची संधी फार थोड्यांना मिळते. मी ऐकत राहिले, हे मी कबूल करते. मला वाटलं, आणखी कोणीतरी काहीतरी बोलेल. पण मागे दोन माणसं काजूच्या भावाबद्दल बोलायला लागली.

हे सगळं आज हसण्यावारी लिहिते आहे, पण त्या पट्ट्यांत बांधलेलं असताना जे वाटलं ते तुला सांगायचंय. निजून जाताना फक्त आभाळ दिसतं आणि माडांची टोकं उलटी सरकतात. आपण कुठे चाललोय ते कळत नाही. ज्यांच्या खांद्यावर आहोत त्यांचे चेहरे दिसत नाहीत, केस दिसतात. सगळे आपल्याबद्दल बोलतात आणि आपल्याशी कोणीच बोलत नाही. मी शिकलेली आहे, हिंडतीफिरती आहे, ही तालीम माझीच होती. तरी मी एका हाकेची वाट बघत होते. कोणी नुसतं "बरी आसस मां?" एवढं विचारलं असतं तरी चाललं असतं. मला तू आठवलीस. (विषय नाही काढला, फक्त तू आठवलीस.)

खाडीच्या वाटेवर एक सपाट कातळ आहे. तिरडी तिथे घटकाभर खाली ठेवतात आणि खांदेकरी बदलतात, त्याला विसावा म्हणतात. रीतीप्रमाणे मला तिथे ठेवलं. ठेवल्याबरोबर मी पट्टा सोडून उठून बसले आणि म्हणाले, शाळा मागे राहिली. तिघे मागे सरले, एकाचा पाय स्ट्रेचरच्या दांड्यात अडकला, मी कलंडले, ते हे कोपर. बाळा तेवढा जागचा हलला नाही. त्याने माझ्याकडे बघितलं, वाटेकडे बघितलं, मग स्वतःच्या पायांकडे बघितलं आणि अगदी पडेल आवाजात म्हणाला, "मॅडम, पाय हयच इले." दाजी पुढे आले, मला नीट न्याहाळलं आणि म्हणाले, "उठलंस? बरा झाला. आता चाय घेवन जा."

परत येताना शेवंतीआजी लोट्यावर हसून हसून लाल झालेल्या. त्यांनी सगळी मिरवणूक जाताना आणि मी पायी परत येताना बघितली होती. किशोरी म्हणते, पाय गेल्यापासून त्या अशा हसल्या नव्हत्या. मी त्यांच्यापाशी जाऊन बसले आणि वर काय वाटलं ते जसंच्या तसं सांगितलं, तुला आता सांगितलं तसं. त्यांचं हसू हळूहळू थांबलं. बराच वेळ माझ्या कोपराला खोबरेल लावत बसल्या. मग म्हणाल्या, "खुर्चेर बसान येयन. निजान न्हय. तोंड फुडे. आणि वाट मी सांगतलंय."

दुसऱ्या दिवशी बाळाने हातांच्या लाकडी खुर्चीला दोन्ही बाजूंनी बांबू बांधले, वर उन्हासाठी छत्री बांधली, आणि शेवंतीआजी नऊवारी नेसून, केसांत अबोलीचा वळेसर माळून वादळातून निघाल्या. भोंगा वाजत होता. त्यांनी पहिल्यांदा खुर्ची थांबवली ती जावेच्या दारात. दोघींचं कित्येक वर्षांचं भांडण. आजी वरूनच म्हणाल्या, "गो, वादळ येता. खंय बसलंस? चल." जाऊ मुकाट्याने कडी लावून खुर्चीमागे चालू लागली. मग नाक्यावर कासाराकडे थांबून बांगड्या भरल्या. मग एका आंब्याखाली, झाड यंदा धरलंय का बघायला. वाटेत ज्याच्या त्याच्या घरासमोर हाका मारल्या, आणि हाक मारली तो प्रत्येकजण निघाला. बाळा दर थोड्या पावलांनी मान मागे वळवून विचारायचा, "आजी, बरी मां?" आणि आजी म्हणायच्या, "माजा काय इचारतंस, तू घामाघूम झालंस." शाळेत पोचलो तेव्हा वाडीत कुत्रंसुद्धा उरलं नव्हतं.

वेळ मात्र फार लागला. खरं वादळ एवढं थांबलं नसतं. शर्मिलामॅडमनी फोनवर उशिराचं कारण विचारलं आणि मला खोटं बोलता येत नाही (हाही तुझाच दोष), म्हणून मी अहवालात स्वच्छ लिहिलं की वादळाच्या दरम्यान सहभागी व्यक्तीने बांगड्या भरल्या. शिवाय नीतिसमितीला कळवलं की प्रयोगादरम्यान संशोधिकेचा अंत झाल्याचा गैरसमज पसरला व तो संशोधिकेने उठून बसून दूर केला. दोन्हीकडून अजून उत्तर नाही. मॅडमनी चष्मा काढला असणार. पुढच्या तालमीला बांगड्या आदल्या दिवशी भरायच्या असं आजींकडून कबूल करून घेतलंय, पण त्यांनी मान हलवली ती होकाराची की नकाराची, ते मला अजून कळलेलं नाही.

असो. पत्र फार लांबलं. ताकात साखर घालू नकोस. आईने तुझ्यासाठी कुळथाचं पीठ दिलंय. तू विचारलं नाहीस तरी सांगते, माझं जेवण वेळेवर होतं.

कोपर सोडून सर्वांगाने बरी असलेली,
तुझी
अनुजा

ता. क. १ : त्या मिरवणुकीचा व्हिडिओ कोणी काढला ते शेवटपर्यंत कळलं नाही. त्याच्याखाली 'भावपूर्ण श्रद्धांजली' आणि जोडलेले हात बघून तुला काय झालं असेल, या विचाराने मला रोज रडू येतं. तुला घाबरवल्याबद्दल तू मला हवी ती शिक्षा कर. फक्त फोन सुलटा ठेव.

ता. क. २ : विमलाकाकीने तुझी शपथ मोडली. तिच्यावर रागावू नकोस, मी फार खोदून विचारलं. तिने मला सांगितलं, की व्हिडिओ बघितल्यावर तू वॉकर भिरकावून दिलास. तिच्या दोन्ही मुलांनी हाताची बैठक केली आणि तू स्वतःहून त्यांच्या गळ्यात हात टाकलेस, एका पायात चप्पल होती आणि दुसरी घरातच. वाळूतून रस्त्यापर्यंत ती पोरं जपून पावलं टाकत होती, तर तू ओरडलीस, "धावा रे मेल्यांनू!" मालवणात पोचेपर्यंत मी जिवंत असल्याचा फोन आला, तेव्हा तू रिक्षा फिरवायला सांगितलीस आणि म्हणालीस, हे कोणाला कळता कामा नये. मला कळलंय, आत्ये. मी मेले तेव्हा तू कोणालाही उचलू दिलंस. मी जिवंत असताना का नाही? पुढचं वादळ येईल तेव्हा मी पुण्यात असेन, आणि तू शाळेत पोचलीस हे कळेपर्यंत मला श्वास घेता येणार नाही. आता तो विषय काढला. शब्द मोडला. शिक्षेत मिळव.

ता. क. ३ : खुर्ची तयार आहे. छत्री तुझ्या आवडीची, निळी. तोंड पुढे, वाट तू सांगायची, विमलाकाकीकडे हवा तेवढा वेळ थांबायचं. शनिवारी मी तुझ्या तोंडवलीत तालीम ठेवली आहे. तू 'नको' म्हटलंस तर आग्रह करणार नाही. पुन्हा मीच निजेन. बाळा यायला तयार आहे.